चप्पल काढली तर देव

शेणव्याच्या नाक्यावर कुणी अर्धा तास नुसतं उभं राहिलं, तरी त्याला दोन-तीन गाड्यांना रस्ता सांगावा लागतो. काच अर्धी खाली येते, आतली गार हवा तोंडावर येते आणि पाठोपाठ प्रश्न येतो, "काका, डोळखांब?" आपण हात करायचा. काच वर. डोळखांब विचारणाऱ्याच्या पोटात आजोबा पर्वत असतो, नाहीतर चोंढे. किन्हवली विचारणाऱ्याच्या पोटात माळशेज. सांधण दरी उतरून डेहण्याला आलेली पोरं आसनगाव स्टेशन गाठण्यासाठी जीप करतात, तीही याच नाक्यावरून जातात. चिखलानं माखलेली, एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून झोपलेली. आता तर तालुक्यातून समृद्धी महामार्गही गेला. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा ५ जून २०२५ला सुरू झाला. त्या रस्त्यावरून जाणाऱ्यांना काच खाली करायचंही कारण उरलं नाही.

"शेणवा कुठं आला हो?" असं विचारणारी गाडी मात्र मी आजवर पाहिलेली नाही. कागदोपत्री कुठं शेणवा लिहितात, कुठं शेणवे, आणि पाहुणे काहीही वाचलं तरी आधी नाक आवरतात. आम्ही सगळ्यांच्या वाटेत आहोत, एवढंच.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या श्रावणात आम्हीच एक गाडी केली. पुण्याला चुलतभावाच्या नातवाचं बारसं होतं.

गाडी करणं आमच्याकडं दोन प्रकारचं. एक सीटवर, दुसरं स्पेशल. सीटवरची गाडी भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली म्हणजे किती भरली हे एकट्या ड्रायव्हरला ठाऊक असतं. काळ्या-पिवळ्या जीप होत्या तेव्हा तो स्वतः अर्धा दाराबाहेर लोंबकळत चालवायचा. अख्ख्या गाडीत सगळ्यांत कमी जागा मालकाला. पुढं जीपच्या जागी इको आल्या, पण 'जरा सरका' काही गेलं नाही. स्पेशल गाडी माझ्या लहानपणी दोनच कामांना व्हायची, वरातीला आणि दवाखान्याला. त्यामुळं कुणाच्या दारात स्पेशल उभी राहिली की शेजारीपाजारी आधी घरच्यांची तोंडं बघून घ्यायचे. हसायचं की हळहळायचं, ते ठरवायला.

आईचा स्पेशलला सक्त विरोध होता. ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली. आई एकोणऐंशीची. सरकारच्या एवढ्या योजना आल्या-गेल्या, पण ही एक तिला तारखेनिशी पाठ आहे. मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, म्हणजे आमची ही आणि मुलगी अर्ध्यात. आत्याचा हिशोब मात्र वेगळा आहे. ती एकाहत्तरची. ज्येष्ठ म्हणून अर्धं माफ, बाई म्हणून अर्धं माफ. दोन अर्धी मिळून एक, मग मला पैसे कसले? तीस वर्षं गणित शिकवूनही मला याचं उत्तर देता आलेलं नाही. कंडक्टरलाही नाही. थोडक्यात, घरात पूर्ण तिकिटाचा माणूस मी एकटा. आणि मीच गाडी करायची म्हणत होतो.

पण शेणव्याहून एसटीनं पुणं म्हणजे किमान दोनदा गाडी बदलणं आलं. आईचे गुडघे एका गाडीत चढले की दुसरीला तयार नसतात. शेवटी गुडघ्यांनी माझ्या बाजूनं मत दिलं.

गाडीवाला माझाच विद्यार्थी. गणितात पस्तीस गुण घेऊन माझ्या तावडीतून सुटलेला. आता त्याच्याकडं सात सीटची अर्टिगा आहे आणि हिशोबाला तो बसला की मी उभा राहतो. गाडी पिवळ्या पाटीची आहे ना, तेवढं मी आधी बघून घेतलं. पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात मिळते, पण मग वाटेत पोलिसानं अडवलं की "हे आमचे मामा" असं सगळ्यांनी म्हणायचं असतं, आणि आत्याला खोटं बोलता येत नाही.

"सर, दिवसाचे तीनशे किलोमीटर धरतो. दोन दिवसांचे सहाशे."

"अरे, पण जाऊन-येऊन चारशेच्या आसपासच होतील."

"होऊ दे ना. सहाशेच्या वर गेले तर वरचे वेगळे घेईन."

"आणि कमी भरले तर?"

"तर सहाशे."

लहान-मोठेपणाची चिन्हं याला मीच शिकवली होती. दोन्ही बाजूंची. त्यानं एकच लक्षात ठेवली. पुढं टोल वेगळा, पार्किंग वेगळं, रात्रीचा ड्रायव्हर भत्ता वेगळा. एवढं वेगळं काढल्यावर मुळात पैसे कशाचे, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. माझा चेहरा बघून त्याला दया आली असावी. म्हणाला, "वाटेत एक पॉइंट फ्री."

पॉइंट हा शब्द साहेबानं माथेरान-महाबळेश्वरला ठेवून दिला आणि आपण तो सगळ्या डोंगरांना वाटून टाकला. कड्याला कठडा आणि कठड्याला कणीसवाला लागला की पॉइंट झाला. आमच्या घरात मात्र 'एक पॉइंट फ्री' ही बातमी रात्रीच्या जेवणावर पडली आणि भाकरी ताटातच राहिल्या. आई म्हणाली, ओझर करू, वाटेतच आहे. आत्या म्हणाली, लेण्याद्री करू, तेही वाटेतच. आमची ही म्हणाली, माळशेजचा धबधबा तर रस्त्यावरच आहे, त्याला वाट वाकडी करायलाच नको. मुलगी म्हणाली, मला काही नको, फक्त खिडकी द्या. मी हळूच नाणेघाट सुचवला, आणि नारायणगावाजवळची खोडदची ती मोठी रेडिओ दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० ताटल्या आहेत तिथं. माझ्याकडं कुणी पाहिलंही नाही.

नकाशा काढून दाखवला असता तर यातलं निम्मं वाटेत नव्हतं. पण मराठी घरात 'वाटेत आहे' म्हणजे रस्त्याला लागून आहे असं नसतं. 'एवढ्या लांब आलोच आहोत तर' असं असतं. शिवाय आपण ठिकाणं बघत नाही, करतो. अष्टविनायक केले, काशी केली, ज्योतिर्लिंगं सात झाली, पाच राहिली. करायचं काम अर्धवट ठेवणं आपल्याला बरं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी हा तंटा मी गाडीवाल्यापुढं ठेवला. तो हसला आणि एका दमात त्यानं कायदा सांगितला.

"सर, सोपं आहे. चप्पल काढून उतरलात तर देव. देवाला आपण पैसे घेत नाही, मीपण पाया पडतो. चप्पल घालून उतरलात तर पॉइंट. तो एक फ्री, पुढचे तीन-तीनशे. आणि उतरायचं-चढायचं सोडून चप्पलच शोधत बसलात, तर वेटिंग."

इतकी नेमकी व्याख्या मला भूमितीच्या पुस्तकातही सापडलेली नाही. पस्तीस गुण देताना माझाच हात आखडला होता की काय, अशी शंका येऊन गेली. आई हे सगळं सुपात तांदूळ निवडत ऐकत होती. काही बोलली नाही. एवढंच विचारलं, "देव किती झाले तरी चालतील ना रे बाळा?"

"चालतील आजी."

रविवारी सकाळी सहाला निघायचं ठरलं. आमच्या आळीत गाडी वळत नाही, म्हणून तो पावणेसहालाच नाक्यावर येऊन थांबला. आम्ही निघालो तेव्हा काय वाजले होते ते सांगत नाही. तांदळाची गोणी, काकड्या, करटोल्यांची पिशवी, बाळाची कुंची, आणि ऐन वेळी आईची उजव्या पायाची चप्पल नाहीशी झालेली. ती शेवटी पडवीत कुत्र्याच्या पोटाखाली सापडली. नाक्यावरच्या लोकांनी आमच्या तोंडांकडं बघून घेतलं आणि हसायचं ठरवलं.

किन्हवली मागं पडली, सरळगावला कल्याण-नगर रस्त्याला लागलो. कल्याणवरून तेलंगणातल्या निर्मलकडं जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग. आधी त्याचा नंबर २२२ होता, आता ६१ आहे. खड्ड्यांना हा बदल अजून कळवलेला दिसत नाही. टोकावड्याच्या अलीकडं आत्याला चहा हवा झाला. सगळ्यांच्या पायांत चपला. मी घाबरून विचारलं, "हा पॉइंट धरणार का?" तो म्हणाला, "चहा मीपण घेतो, सर. चहा माणुसकीत."

गाडीवाल्याचं खरं दुःख त्या चहावर कळलं. रिकामं परत येणं. एकेरी भाडं घेऊन पुण्याला सोडलं, तर येताना सगळ्या सीटवर नुसती हवा बसते आणि डिझेल तेवढंच पितं. म्हणून ती दिवसाच्या तीनशेची अट. मला एकदम चोंढे आठवलं. आमच्याच तालुक्यात तिथं घाटघर प्रकल्पाचं २५० मेगावॉटचं वीजघर आहे. विजेची मागणी वाढली की घाटमाथ्यावरचं पाणी खाली सोडून वीज करतात आणि मागणी उतरली की तेच पाणी पंपानं परत वर चढवतात. मी म्हटलं, "बघ, पाण्यालासुद्धा रिटर्न भाडं आहे." तो विचारात पडला. मग म्हणाला, "पण सर, चढताना ते मिळवतं त्याहून जास्त वीज खातं ना?" खरं होतं. उतरताना मिळते त्यापेक्षा चढवायला जास्तच लागते. याला मी पस्तीस दिले होते!

वैशाखऱ्यापाशी पाऊस जरा थांबला आणि ढगांतून नानाचा अंगठा दिसला. मी काच खाली केली आणि तेवढ्यात जमेल तितकं सांगून घेतलं. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच नाणेघाटानं जुन्नरकडं चढायचा. माथ्यावर दगडात कोरलेला एक भलामोठा रांजण आहे. येणारे-जाणारे व्यापारी त्यात जकात टाकायचे, असं सांगतात. "म्हणजे टोल तेव्हापण वेगळाच," गाडीवाला म्हणाला. तिथल्या गुहेत नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञ कोणते केले, गाई, घोडे, हत्ती, कार्षापण किती दिले, याचा आकड्यांसकट हिशोब भिंतीवर कोरलाय. आपल्या देशातल्या सर्वांत जुन्या आकड्यांत ते आकडे मोडतात. शेजारी राजघराण्याचे पुतळे होते. त्यांची नावं वर शिल्लक आहेत, खाली फक्त पावलं उरलीत.

"पावलांत चपला आहेत का?" आत्यानं विचारलं. तिला कायदा पक्का समजला होता.

गाडी न थांबता पुढं गेली. माझा नाणेघाट असा काचेतून झाला.

माळशेज चढायला लागलो तशी मागच्या सीटवर हालचाल वाढली. श्रावणातला रविवार. एका बाजूला धबधबे, दुसऱ्या बाजूला गाड्या आणि मधे आडवे-तिडवे उभे राहून स्वतःचे फोटो काढणारे लोक. याच जंगलात २००९ साली एक बिबट्या आणून सोडला होता. पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला, म्हातारा दिसणारा. गळ्यात रेडिओ कॉलर घालून अभ्यासकांनी त्याचं नाव ठेवलं आजोबा. आजोबांना माळशेज मानवला नाही. ते निघाले ते महामार्ग, रेल्वेचे रूळ, वसईची खाडी ओलांडत महिन्याभराच्या आत थेट मुंबईच्या संजय गांधी उद्यानात. सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास झाला, रात्री-अपरात्री, कुणाला काच खाली करून रस्ता न विचारता. पुढं २०१४ला त्यांच्यावर सिनेमाही निघाला, उर्मिला मातोंडकरांचा. वाटेत आजोबांनी एकही पॉइंट केला नाही. सोबत कुटुंब नव्हतं, हा त्यातला मुख्य मुद्दा.

आमच्यासोबत होतं. बोगदा मागं टाकून माथ्याकडं मोकळी जागा आली तशी ही म्हणाली, "थांबवा." गाडी थांबली. वरून पाण्याची बारीकशी धार कातळावरून उतरत होती, मोठी नाही, आपल्या घरच्या पन्हाळीच्या दुप्पट असेल. फ्री पॉइंट इथंच संपणार म्हणून आत्यानं लेण्याद्रीच्या नावानं सुस्कारा टाकला. तेवढ्यात आईनं दार उघडलं. आधी डावी चप्पल काढून गाडीत ठेवली, मग उजवी. अनवाणी पावलांनी, मुलीचा हात धरून, ती त्या धारेपाशी गेली. ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं, पदरानं तोंड पुसलं आणि हात जोडले.

"गंगा आहे ही," परत येऊन तिनं गाडीवाल्याला सांगितलं.

तो पाहतच राहिला. मग त्यानंही चपला काढल्या. खरं सांगायचं तर मला क्षणभर कळेना की आई लबाडी करतेय की मनापासून. चाळीस वर्षं विहिरीवरून डोक्यावर हंडे वाहिलेली बाई आहे ती. आमच्या तालुक्यात भातसा, तानसा, मोडकसागर, तीन-तीन धरणं भरतात आणि मुंबईचे नळ चालतात. उन्हाळ्यात मात्र पाड्यांवर टँकरची वाट बघतात. अशा मुलुखातल्या म्हातारीनं वाहत्या पाण्याला देव म्हटलं, तर त्यात लबाडी कुठं शोधायची? बाकीचे आम्ही मात्र लबाडच होतो. सगळ्यांनी चपला गाडीत टाकल्या आणि अनवाणी उभं राहून यथेच्छ फोटो काढले.

मग कायदा पार वाकला. ओतूरला बाबाजी चैतन्यांच्या समाधीपाशी थांबलो. तो तर देवच, वादच नाही. लेण्याद्रीला मात्र खरा पेच पडला. लेणी बौद्धांची, त्यांतल्याच एका विहारात गिरिजात्मज गणपती, आणि वर जायला पुरातत्त्व खात्याचं तिकीट. तिकीट आहे म्हणजे पॉइंट, चप्पल काढायची म्हणजे देव. पायऱ्या बघून आईचे गुडघे गाडीतच राहिले. तिनं बसल्या जागी चपला काढून खालूनच नमस्कार केला. आत्या आणि ही चढल्या. पेच सोडवला तो गाडीवाल्यानंच. "माझापण हा गणपती राह्यलाय," म्हणाला आणि दोघींच्या पुढं टणाटण पायऱ्या चढत निघून गेला. स्वतःचं वेटिंग स्वतःला कसं लावणार? खाली मी आणि आई शेंगा खात बसलो. ओझर संध्याकाळी झालं. मुलीला दिवसभर खिडकी मिळाली. दुर्बीण राहिली, ती राहिलीच.

बारसं सोमवारी छान झालं. बाळ रडलं, करटोली सगळ्यांना आवडली. आईचा सोमवार असल्यानं तिनं जेवणाच्या पंगतीत साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि शेजारणीला आपल्या मोफत एसटीबद्दल सांगितलं. स्पेशल गाडीनं आलोय हे सांगितलं नाही.

येताना अंधार झाला होता. घाटात धुकं इतकं की पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत होते. सगळे झोपले. सरळगाव आल्यावर गाडीवाला हळूच म्हणाला, "सर, तुमचा फ्री पॉइंट तसाच राह्यला."

"राहू दे. पुढच्या वेळी नाणेघाट."

"पुढच्या वेळी कुठं जाताय?"

"ते ठरलं नाही. पण नाणेघाट वाटेत असेल."

साडेअकराच्या सुमाराला नाक्यावर उतरलो. दुकानं बंद, कुत्री जागी. त्यानं वहीचं पान फाडून बिल हातात दिलं. मोबाइलच्या उजेडात मी ते वरून खाली वाचलं, जुनी सवय. सहाशे किलोमीटर बरोबर होते. टोल बरोबर, पार्किंग बरोबर, भत्ता बरोबर. देव चार, त्यांच्यापुढं शून्य. पॉइंट शून्य. शेवटच्या ओळीत वेटिंग, पन्नास मिनिटं. मी विचारलं, "अरे, आपण तर कुठंच..." तो काही बोलला नाही, फक्त आईच्या पायांकडं बघितलं.

ठिकाणाच्या रकान्यात त्यानं लिहिलं होतं, शेणवा.